माऊस बाजूला ठेवा आणि चाल लिहून काढा

भजनी मंडळ असो, चर्चचा क्वायर असो की शाळेचा वाद्यवृंद, प्रत्येक ठिकाणी दोन-चार चाली अशा असतात की त्या एकाच माणसाला पुऱ्या येतात. तो माणूस गावाला गेला की ती चाल त्या दिवशी होत नाही. तो कायमचा गेला की चालही गेली. या चाली लिहून ठेवा, अशी माझी तुम्हाला विनंती आहे, आणि लिहायच्या कशा तेही इथेच सांगतो. कारण लिहायला बसणारे पुष्कळ असतात, पण बहुतेक जण पहिल्या पानावरच थांबतात. संगणकावर एकेक स्वर माऊसने टिचकी मारून बसवायला गेलं की सोळा ओळींच्या भजनाला सगळी संध्याकाळ जाते, आणि हे आपलं काम नाही असं वाटू लागतं. काम तुमचंच आहे. पद्धत तेवढी बदला.

आधी एक शंका दूर करतो. आपल्याकडे स्वरलिपी आहेच, मग पाच रेघांचं स्टाफ नोटेशन कशाला? भातखंडे आणि पलुस्कर या दोघांच्या लिपींनी आपल्या संगीताचं फार मोठं काम केलं आहे. भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तक मालिकेचे सहा भाग नसते तर कितीतरी बंदिशी घराण्यांच्या भिंतीआडच राहिल्या असत्या. गाणं शिकायला आणि शिकवायला ती लिपी वापराच. पण आज तुमच्या मंडळात व्हायोलिन वाजवणारी मुलगी पुण्या-मुंबईत पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेली असते, गिटारवाला कॉर्ड बघून वाजवतो, कीबोर्डवाल्याला स्टाफ वाचता येतो. वसईच्या चर्चमध्ये मराठी भक्तिगीतं गाणाऱ्या क्वायरला दोन-तीन आवाजांत गायचं असतं. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये वाढलेली आपली नातवंडं शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवतात. त्यांना सारेगम वाचता येत नाही, पण पाच रेघा दिल्या की आजीची ओवी ती त्याच दिवशी वाजवून दाखवतील. गोव्यात तर चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलेखन शिकवलं. त्याच परंपरेतले अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर मुंबईच्या चित्रपटसृष्टीत प्रत्येक वादकाचा कागद हाताने लिहून देत असत. शंभर वादक एका वेळी एका सुरात वाजवू शकले ते त्या कागदांमुळे.

फोनवर रेकॉर्ड केलंय की, असंही कुणी म्हणेल. जरूर करा. पण रेकॉर्डिंग ऐकून चाल उतरवून घ्यायला कान तयार लागतो, वेळ लागतो, आणि प्रत्येक जण थोडं वेगळं ऐकतो. कागद असला की पाच माणसं एकाच वेळी तेच वाजवतात. म्हणून दोन्ही ठेवा. मींड, कणस्वर, गाणाऱ्याची लय मागेपुढे होणं हे रेकॉर्डिंगमध्ये राहील आणि चालीचा सांगाडा कागदावर राहील.

आता कामाला लागू. म्यूझस्कोर नावाचं सॉफ्टवेअर घ्या. हल्ली त्याचं पूर्ण नाव म्यूझस्कोर स्टुडिओ आहे. ते फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. वेर्नर श्वीअर या जर्मन प्रोग्रामरने २००२ मध्ये ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी ते वाढवलं. उतरवून घेताना पत्ता मात्र नीट बघा. सॉफ्टवेअर मिळतं ते ‘डॉट ऑर्ग’वाल्या पत्त्यावर. त्याच नावाचा ‘डॉट कॉम’वाला पत्ता हा लोकांनी लिहिलेले स्कोअर पाहण्या-उतरवण्याचा आहे आणि तिथे वर्गणी मागतात. बरेच जण तिथे पोचतात आणि सॉफ्टवेअरलाच पैसे पडतात असं समजून परत फिरतात. लिहिण्याचं सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे. फोनवरचं ॲप पाहायला-ऐकायला ठीक, लिहायला संगणकच हवा. जुना लॅपटॉप असेल आणि त्यावर चौथी आवृत्ती चालत नसेल तर तिसरी घ्या. खाली सांगितलेली मुख्य बटणं दोन्हींत तीच आहेत.

नवीन स्कोअर उघडताना वाद्य विचारलं जातं. व्हायोलिन किंवा व्हॉइस निवडा. तालासाठी सुरुवातीला एक मात्रा म्हणजे एक क्वार्टर नोट असं धरून चला. म्हणजे केरव्याच्या आठ मात्रा चार-चारच्या दोन खणांत बसतात, दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीनच्या दोन खणांत, रूपक सातच्या एका खणात. तीनतालाचे चार खण झाले.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. हाताने लिहिताना आपण आधी कुठला स्वर ते ठरवतो आणि मग तो किती लांब ते. इथे उलटं आहे. आधी लांबी, मग स्वर. ही सवय झाली की अर्धं काम झालं.

‘एन’ दाबा. स्वर भरण्याची अवस्था सुरू होते. बाहेर पडायचं असेल तेव्हा ‘एस्केप’. लांबी आकड्यांनी सांगायची. ५ म्हणजे एक मात्रा. ६ म्हणजे दोन मात्रा, ७ म्हणजे चार. खाली उतरलात तर ४ म्हणजे अर्धी मात्रा आणि ३ म्हणजे पाव. एक आकडा वर गेलं की लांबी दुप्पट, एक खाली आलं की निम्मी. फक्त ‘पाच म्हणजे एक मात्रा’ एवढं पाठ करा, बाकीचं त्यातून निघतं. दीड मात्रा हवी तर ५ दाबून टिंबाचं बटण दाबा. विश्रांती हवी तर शून्य. एकदा आकडा दाबला की तो बदलेपर्यंत तीच लांबी चालू राहते, दर स्वराला आकडा दाबावा लागत नाही. वेळ वाचतो तो इथेच.

मग स्वर. सुरुवातीला प्रत्येक चालीचा सा म्हणजे पांढरी एक, म्हणजेच ‘सी’ धरा. सा रे ग म प ध नी म्हणजे सी डी ई एफ जी ए बी. ही सातही अक्षरं संगणकाच्या कीबोर्डवर डाव्या हाताच्या बाजूला आहेत: मधल्या ओळीत ए, डी, एफ, जी, वरच्या ओळीत ई, खालच्या ओळीत सी आणि बी. म्हणजे डावा हात स्वरांवर ठेवा, उजवा हात आकड्यांवर आणि बाणांवर. हार्मोनियमवर बोटं जशी न बघता पट्टी शोधतात तशी ही सात बटणं थोड्याच दिवसांत बोटांना सापडू लागतात, आणि डोळे पडद्यावर राहतात.

एक छोटी ओळ करून बघा. चार-चार मात्रांचे चार खण: सा रे आणि दोन मात्रांचा ग, पुढच्या खणात ग प म ग, तिसऱ्यात रे ग आणि दोन मात्रांचा रे, शेवटी चार मात्रांचा सा. बटणं अशी पडतील: एन, ५, सी, डी, ६, ई, ५, ई, जी, एफ, ई, डी, ई, ६, डी, ७, सी. संपलं. अकरा स्वरांना सतरा बटणं. खणाच्या उभ्या रेषा, स्वरांच्या दांड्या, मधली अंतरं हे सगळं आपोआप होतं. आता एस्केप दाबा, पहिल्या स्वरावर जा आणि स्पेस दाबा, ओळ वाजेल. हीच ओळ माऊसने करायची तर प्रत्येक स्वरासाठी पाच रेघांमधली नेमकी जागा धरावी लागते. हात थोडा हलला की रेच्या जागी ग बसतो, आणि पानभर झाल्यावर चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागतं. बटणांनी सी दाबलं तर सीच उमटतं. चुकलात तरी बोटाला लगेच कळतं. ‘कंट्रोल’ आणि ‘झेड’ने ते मागे घ्या आणि पुढे चला. मॅक असेल तर कंट्रोलच्या जागी ‘कमांड’.

सप्तकाचा मात्र नियम समजून घ्या, नाहीतर पहिल्याच भजनात गोंधळ उडेल. तुम्ही अक्षर दाबलं की सॉफ्टवेअर मागच्या स्वराच्या सर्वांत जवळचा तो स्वर घेतं. सा नंतर म दाबला तर वरचा म येतो, कारण तो जवळ आहे. पण सा नंतर प दाबला तर वरचा प येत नाही, मंद्र सप्तकातला येतो, कारण खालचा प चारच सुरांच्या अंतरावर आहे आणि वरचा पाच. आपल्या कितीतरी चाली सा-प अशी झेप घेऊन सुरू होतात, त्यामुळे हे सारखं घडणार. उपाय एका झटक्याचा आहे: जी दाबल्यावर लगेच कंट्रोल आणि वरचा बाण, की स्वर एक सप्तक वर जातो. कंट्रोल आणि खालचा बाण, की एक सप्तक खाली. तार सा ला जाताना, अंतऱ्यात उडी घेताना हेच करा. पुढचे स्वर पुन्हा त्याच्या जवळचे येत राहतात, म्हणून दुरुस्ती एकदाच लागते.

कोमल आणि तीव्र स्वर कंट्रोल न धरता नुसत्या बाणांनी होतात. ग कोमल हवा तर ई दाबून खालचा बाण एकदा. म तीव्र हवा तर एफ दाबून वरचा बाण एकदा. खाली गेलं की कोमलाचं चिन्ह, वर गेलं की तीव्राचं. मिश्र रागातल्या चालीत अधूनमधून येणाऱ्या स्वरांना हे पुरतं. पण चाल सरळ एखाद्या थाटातली असेल तर दर वेळी बाण कशाला दाबायचा? सुरुवातीलाच की सिग्नेचर लावा. सा म्हणजे सी धरल्यावर बिलावलला काहीच लागत नाही. खमाजला एक फ्लॅट लावा, नी कोमल होईल. काफीला दोन, ग आणि नी. आसावरीला तीन, भैरवीला चार. कल्याणला एक शार्प, म तीव्र होतो. हे केलंत की भैरवीतलं भजन लिहिताना तुम्ही नुसतं डी, ई, ए, बी दाबत जाल आणि चारही स्वर कोमलच उमटतील. भैरव, तोडी, पूर्वी, मारवा यांना मात्र अशी तयार सिग्नेचर नाही, तिथे बाणच वापरा. पाश्चात्त्य पद्धतीत शिकलेला वादक दोन फ्लॅट बघून दुसराच सा समजू शकतो, म्हणून पानाच्या वर ‘सा = सी’ असं लिहून ठेवा.

आणि तुमच्या गायिका काळी चारमध्ये गातात त्याचं काय? ते शेवटी. आधी सगळी चाल पांढरी एकमध्येच लिहून काढा, कारण तिथे विचार कमी करावा लागतो. पूर्ण झाली, तपासून झाली, की कंट्रोल आणि ‘ए’ने सगळं निवडा आणि टूल्सच्या मेनूतून ट्रान्सपोज करा. काळी एकसाठी एक मायनर सेकंड वर, काळी पाचसाठी एक मेजर सेकंड खाली, काळी चारसाठी एक मेजर थर्ड खाली. एका क्षणात सगळं पान नव्या पट्टीत येतं. उद्या दुसरा कुणी पांढरी पाचमध्ये गायला उभा राहिला तर त्याच्यासाठी वेगळी प्रत छापा. हाताने लिहिलेल्या वहीत हे करायला दिवस गेला असता.

नवशिके सगळ्यात जास्त चुकतात ते बटणांत नाही, समेत. चालीचा पहिला शब्द म्हणजे पहिल्या खणाची पहिली मात्रा, असं धरून लिहायला लागतात. आपल्या चालींचा मुखडा बहुतेक वेळा समेच्या आधी उठतो. केरव्यातली ओळ पाचव्या मात्रेपासून उठत असेल आणि तुम्ही ती पहिल्या मात्रेवर ठेवली, तर सगळं पान चार मात्रांनी सरकतं, तबलेवाला भलत्याच ठिकाणी सम देतो आणि कागद चुकीचा आहे असं ठरवून सगळे तो बाजूला ठेवतात. म्हणून लिहायला बसण्याआधी टाळी देत एकदा गाऊन बघा. सम कुठल्या अक्षरावर पडते ते धरा. ते अक्षर आवर्तनाच्या पहिल्या खणाच्या पहिल्या मात्रेवर आलंच पाहिजे. त्याआधीच्या मात्रांसाठी सुरुवातीला विश्रांती भरा. केरव्याच्या या उदाहरणात ७ आणि शून्य दाबलं की चार मात्रा मोकळ्या होतात आणि पाचवीपासून शब्द सुरू होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लेख टाइप करताना मध्ये अक्षर घातलं की पुढचा मजकूर सरकतो. इथे सरकत नाही, नवा स्वर जुन्याच्या जागी बसतो. एक मात्रेचा स्वर दोन मात्रांचा केलात तर तो पुढच्या स्वराची जागा खातो. म्हणून लांबीची चूक दिसली की तिथूनच दुरुस्त करत पुढे या, पान संपेपर्यंत थांबू नका. स्वर खणाबाहेर जात असेल तर सॉफ्टवेअर तो तोडून पुढच्या खणात जोडून देतं, त्याची काळजी नको. एखाद्या मात्रेत तीन स्वर समान बसवायचे असतील तर ५ दाबा, मग कंट्रोल आणि ३, आणि तीन अक्षरं. ध्रुवपदाची ओळ जशीच्या तशी परत येत असेल तर तो भाग निवडून ‘आर’ दाबा, ती लगेच पुढे पुन्हा उमटते.

शब्द घालताना पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि ‘एल’ दाबा. एक अक्षर लिहा, स्पेस दाबा, पुढच्या स्वराखाली या. एकाच शब्दाची अक्षरं वेगवेगळ्या स्वरांवर येत असतील तर स्पेसऐवजी संयोगचिन्ह दाबा. मराठी शब्द तोडताना जोडाक्षर फोडू नका: भ-क्ती, चं-द्र, कृ-ष्ण असं तोडा. पाय मोडलेलं अक्षर एकटं एका स्वराखाली आलं तर गाणारा अडखळतो. शेवटचं अक्षर चार-सहा स्वरांवर ओढलं जात असेल तर अंडरस्कोअर दाबत पुढे जा, खाली रेघ येते. फाइलच्या स्टाइलमध्ये जाऊन लिरिक्सचा फॉन्ट मुक्ता किंवा नोटोचा देवनागरी असा नीट दिसणारा ठेवा, म्हणजे छापताना काना-मात्रा तुटणार नाहीत. शब्द मराठीत भरून झाले की कीबोर्ड लगेच इंग्रजीवर परत आणा आणि मगच पुढचे स्वर भरा.

घरात मुलांसाठी आणलेला यूएसबीचा कॅसिओ असेल तर तो संगणकाला जोडा. डाव्या हाताने आकडा दाबा, उजव्या हाताने पट्टी वाजवा. सप्तकाचा प्रश्नच राहत नाही, कारण तुम्ही वाजवलेला स्वरच उमटतो. पेटी वाजवणाऱ्यांना ही पद्धत फार लवकर जमते. पण कॅसिओ नाही म्हणून थांबू नका.

या बटणांची खरी किंमत ज्यांना पडदा दिसत नाही त्यांना कळते. अंध वादकाला माऊस काय उपयोगाचा? म्यूझस्कोर स्क्रीन रीडरबरोबर चालतं, स्वर आणि खण वाचून दाखवतं, आणि ४.१ या आवृत्तीपासून त्यात ब्रेल पट्टीही आली आहे. ज्या लुई ब्रेलने ही लिपी घडवली तो स्वतः ऑर्गन वाजवत असे, आणि १८२९ च्या त्याच्या पहिल्या पुस्तकातच संगीत लिहिण्याची सोय होती. तुमच्या ओळखीत संगीत शिकणारा अंध विद्यार्थी असेल तर हे सॉफ्टवेअर त्याच्या संगणकावर टाकून द्या आणि पहिला तास त्याच्याबरोबर बसा. चाल उतरवायला तो कुणावर अवलंबून राहणार नाही.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी एवढंच बघावं की आकडे वेगळे आहेत. एका मात्रेला म्यूझस्कोरमध्ये ५ आहे तर सिबेलियसमध्ये नंबर पॅडवरचा ४ आणि डोरिकोमध्ये ६. अक्षरं सगळीकडे तीच. एकाच सॉफ्टवेअरला धरून राहा, आणि सुरुवातीचे काही महिने सेटिंगमध्ये जाऊन शॉर्टकट बदलू नका. दुसऱ्याच्या संगणकावर बसलात तरी हात चालला पाहिजे.

फाइल कशी ठेवता यालाही महत्त्व आहे. फिनाले हे १९८८ पासून चालत आलेलं मोठं सॉफ्टवेअर, जगभरच्या संगीतकारांनी त्यात आपलं काम ठेवलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी आपल्या फाइली म्युझिक एक्सएमएल या सर्वांना उघडता येणाऱ्या स्वरूपातही ठेवल्या होत्या, त्यांना धक्का कमी बसला. तुम्हीही प्रत्येक चालीच्या तीन प्रती ठेवा: एक म्यूझस्कोरची, एक म्युझिक एक्सएमएलची, एक छापायची पीडीएफ. एक्स्पोर्टच्या मेनूत दोन्ही आहेत.

आणि चालीखाली नाव लिहा. चाल कुणाची, कुणाकडून मिळाली, कुठल्या गावात गातात, कुणी सांगितली, कुणी लिहिली, तारीख कुठली. पारंपरिक असेल तर ‘पारंपरिक’ लिहा. संगीतकार माहीत असेल तर त्याचं नाव टाकायलाच हवं. आपल्या कायद्यात रचनाकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं राहतो. भावगीत, नाट्यगीत, चित्रपटगीत सरावासाठी लिहून घेणं वेगळं, पुस्तक छापून विकणं वेगळं. विकायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

हे काम एकट्याने करू नका. ज्यांना चाली येतात त्यांचं वय झालेलं असतं आणि संगणकाची धास्ती असते. ज्यांची बोटं कीबोर्डवर चालतात त्यांना चाली येत नाहीत. दोघांना एका टेबलाशी बसवा. काकांनी एक ओळ म्हणायची, मुलीने ती भरायची, स्पेस दाबून ऐकवायची. काका म्हणतील, “नाही गं, इथे नी लागतो.” ती बाण दाबेल आणि पुन्हा ऐकवेल. हे जागच्या जागी व्हावं म्हणूनच बटणं पाठ हवीत. माऊसने एकेक स्वर शोधत बसलात तर म्हणणारा माणूस कंटाळतो, पुढच्या ओळीला सूर बदलतो आणि उठून जातो. ज्येष्ठांचा वेळ मौल्यवान आहे, तो पडद्यावर जागा शोधण्यात घालवू नका. त्यांच्यासमोर बसण्याआधी आठवडाभर आपल्या पाठ असलेल्या सोप्या चालींवर हात बसवून घ्या. रोज थोडा वेळ पुरे. पहिले काही दिवस फक्त सात अक्षरं आणि ४, ५, ६ हे तीन आकडे. बाकी सगळं गरज पडेल तसं येतं.

मग तुमच्या मंडळातली एकच चाल निवडा, एकाच माणसाला येणारी. येत्या रविवारी त्यांच्याकडे जा आणि ती लिहून आणा. पुढच्या सरावाला तिच्या प्रती छापून न्या, व्हायोलिनवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला द्या, त्यांना वाजवायला सांगा. चूक निघेल तिथे पेनने खूण करा, घरी आल्यावर फाइलमध्ये ती सुधारा, आणि सुधारलेली फाइल निदान तिघांच्या संगणकावर राहील असं बघा.